कळ दाबली, अक्षर उमटेना

२७ मार्च २०१९. अमेरिकेतील 'वॉल स्ट्रीट जर्नल' या दैनिकाच्या वाचकांपुढे त्या दिवशी एक चमत्कारिक स्तंभ आला. जोआना स्टर्न या तंत्रज्ञानविषयक स्तंभलेखिकेच्या लेखातून 'ई' आणि 'आर' ही इंग्रजी अक्षरे जागोजागी गळालेली होती. शीर्षकही त्यातून सुटले नव्हते. हा मुद्राराक्षसाचा प्रताप नव्हता. ज्या लॅपटॉपवर लेख लिहिला गेला, त्याच्या कळफलकाने जे दिले आणि जे गिळले, ते तसेच वाचकांपुढे ठेवण्याचा तो निर्णय होता. गळालेली अक्षरे परत हवी असतील, तर ती दाखवणारी कळ लेखातच ठेवली होती. ती कळ मात्र चालत होती.

तोच लॅपटॉप मराठी लेखकाच्या हाती असता तर काय घडले असते? भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ साली ठरवलेल्या इनस्क्रिप्ट मांडणीत 'ई'च्या कळेवर काना असतो आणि 'आर'च्या कळेवर दीर्घ वेलांटी. 'मराठी' लिहू गेलेल्या माणसाच्या पडद्यावर 'मरठ' एवढेच उरले असते.

ॲपलसारख्या मातब्बर कंपनीच्या महागड्या यंत्राची ही अवस्था कशी झाली, हे समजण्यासाठी बरेच मागे जावे लागते. दाबलेली कळ उमटली नाही की पहिला प्रश्न नेहमी एकच असतो: दोष कुठे आहे? आणि त्याला चिकटून दुसरा, अधिक बोचरा: दोष कोणाचा आहे? कळफलकाच्या बिघाडाचा इतिहास या दुसऱ्या प्रश्नाभोवतीच फिरतो.

टंकलेखन यंत्राच्या काळात पहिल्या प्रश्नाचे उत्तर डोळ्यांना दिसत असे. अमेरिकेतील मिलवॉकी शहराचे क्रिस्टोफर लॅथम शोल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांना १८६८ मध्ये टंकयंत्राचे पेटंट मिळाले आणि १८७४ पासून रेमिंग्टन कंपनीचे यंत्र बाजारात आले. कळ दाबली की अक्षराचा दांडा उठून कागदावर आपटे. दोन दांडे एकदम उठले की एकमेकांत अडकत आणि टंकलेखक बोटांनी ते सोडवी. आजची 'क्वर्टी' मांडणी ही दांड्यांची टक्कर टाळण्यासाठीच जन्मली, असे सर्रास सांगितले जाते. जपानमधील यासुओका दांपत्याने २०११ मध्ये या समजुतीला आव्हान दिले आणि तारयंत्रावरील लेखनिकांच्या गरजांनी ती मांडणी घडवली, असे मांडले. वाद अजून मिटलेला नाही. पण अडकलेला दांडा दिसतो, हाताला लागतो आणि मोकळा करता येतो, याबद्दल वाद नव्हता.

मुंबईच्या गोदरेज अँड बॉइस कंपनीने १९५५ साली भारतीय बनावटीचे टंकलेखन यंत्र आणले आणि पुढे महाराष्ट्रातील तालुक्या-तालुक्याच्या गावांत टायपिंगचे क्लास उभे राहिले. 'मराठी तीस', 'इंग्रजी चाळीस' हे शब्द नोकरीच्या अर्जाचा भाग बनले. त्या खोल्यांमध्ये दुरुस्तीचे एक साधे शास्त्र नांदत होते. रिबिनीचा मऊ कचरा बंद पोटाच्या अक्षरांत भरला की अक्षराऐवजी काळा ठिपका उमटे. मग ब्रशने किंवा टाचणीने तो उकरून काढायचा. देवनागरी यंत्रावर तर काही मात्रांच्या कळा मुद्दामच कॅरेज पुढे सरकवत नसत आणि अशा कळेला यंत्रशास्त्रात 'मृत कळ' म्हणत. नवख्याला तो बिघाड वाटे, जाणत्याला ती सोय ठाऊक असे. बिघाड आणि सोय यांतली ही गल्लत पुढे संगणकावरही पुन्हा पुन्हा होणार होती.

संगणकाने कळ आणि अक्षर यांच्यातील लोखंडी नाते तोडले. आता कळ दाबली की केवळ एक विद्युत्मार्ग जुळतो. कळांखाली आडव्या-उभ्या तारांची जाळी असते आणि प्रत्येक कळ म्हणजे एका आडव्या व एका उभ्या तारेचा छेदबिंदू. एक छोटी चिप अखंडपणे ही जाळी तपासत राहते आणि कोणता छेदबिंदू जुळला ते ओळखते. धातूचे दोन भाग जुळताना क्षणभर थरथरतात, एकाच दाबाचे अनेक दाब झाल्यासारखे भासतात. म्हणून ती चिप काही सहस्रांश सेकंद थांबून मगच दाब खरा मानते. हा एवढा सगळा व्यवहार बोट उचलण्याच्या आत उरकतो. त्यात काही चुकले तर डोळ्यांना मात्र काहीच दिसत नाही.

१२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएमने आपला पर्सनल कॉम्प्युटर जाहीर केला. त्याच्या ८३ कळांच्या कळफलकात इंटेलची ८०४८ ही स्वतंत्र नियंत्रक चिप होती. प्रत्येक कळेला एक क्रमांक होता. कळ दाबताना एक संकेत जाई आणि सोडताना दुसरा. त्यामुळे 'दाबली गेली, पण सुटलीच नाही' अशी अडकलेली कळ यंत्राला ओळखता येऊ लागली. संगणक सुरू होताना स्वतःची तपासणी करी आणि कळफलकात दोष आढळला तर पडद्यावर ३०१ हा आकडा दाखवी. विशिष्ट कळ अडकली असेल तर ३०१च्या आधी त्या कळेचा क्रमांकही उमटे. दुरुस्ती करणाऱ्याने तक्ता काढायचा, क्रमांक जुळवायचा आणि नेमकी तीच कळ उपसायची. यंत्राने आपला दोष आपणच, नाव घेऊन सांगण्याची ही रीत आजच्या चकचकीत लॅपटॉपांतून जवळजवळ नाहीशी झाली आहे.

याच वंशातून पुढे एक जगप्रसिद्ध विनोद जन्मला. कळफलक सापडत नाही, पुढे जाण्यासाठी एफ-१ दाबा, असा संदेश पुढच्या काळातील अनेक संगणकांवर येई. नसलेल्या कळफलकावरील कळ दाबायची कशी? हसण्यात अनेकांच्या पिढ्या गेल्या. वास्तविक त्या संदेशात वेडगळपणा नव्हता. बहुतेक वेळा मागची वायर निसटलेली असे. ती खोचून एफ-१ दाबला की काम सुरू होई. आता जोडणी झाली आहे, याची खूणच ती कळ देत असे.

कळफलकच ठप्प झाल्यासारखा वाटतो, तेव्हा पुष्कळदा ठप्प झालेला असतो तो चालू प्रोग्रॅम. हे दोन्ही वेगळे ओळखायचे कसे? आयबीएमच्या त्याच मूळ चमूतील अभियंते डेव्हिड ब्रॅडली यांनी संगणक घडवतानाच एक युक्ती योजली. काम करताना यंत्र वारंवार अडके आणि प्रत्येक वेळी वीज बंद करून चालू करण्यात वेळ जाई. म्हणून तीन कळा एकदम दाबल्या की संगणक नव्याने सुरू व्हावा, अशी सोय त्यांनी केली. आधी त्यात कंट्रोल, आल्ट आणि एस्केप या कळा होत्या. पण त्या डाव्या बाजूला एकत्र असल्याने चुकून दाबल्या जाऊ लागल्या. मग तिसरी कळ दूरची घेतली: डिलीट. ही जोडी अभियंत्यांपुरती होती, सामान्य माणसाने ती पाठ करावी असा कोणाचाच हेतू नव्हता. ती चाले याचे कारणही सरळ आहे. कळ दाबली की प्रोसेसरला हातातले काम क्षणभर सोडून तिकडे वळावे लागते. म्हणून प्रोग्रॅम अडकला तरी कळफलकाची हाक बहुधा ऐकू जाते.

जुन्या तंत्रज्ञांची आणखी एक परीक्षा अशीच होती. कॅप्स लॉक दाबून पाहायचा. १९८४ च्या आयबीएम एटी यंत्रापासून कळफलकावर दिवे आले आणि ते दिवे कळफलक स्वतः लावत नसे, संगणकाच्या आज्ञेवरून ते लागत. म्हणजे दिवा लागला-विझला तर कळेचा संकेत आत पोहोचला आणि उत्तरही परत आले. दोष पुढे कुठेतरी आहे. दिवा हललाच नाही तर वायर, कळफलक किंवा संपूर्ण यंत्र संशयित. एका कळेत निम्मे निदान होई.

डेस्कवरच्या संगणकाला यापेक्षाही सोपा उपाय होता: शेजारचा कळफलक आणून लावायचा. लॅपटॉपने हा उपाय हिरावून घेतला. येथे कळफलक यंत्राच्या अंगाचाच भाग झाला. तरीही सुरुवातीच्या पिढ्यांनी काही मर्यादा पाळल्या. आयबीएमच्या आणि पुढे लेनोवोच्या थिंकपॅडच्या अनेक जुन्या यंत्रांत खालचे मोजके स्क्रू काढले की कळफलक वर उचलता येई, आतली पट्टीसारखी वायर सोडवून नवा बसवता येई आणि ही सगळी कृती सांगणारी दुरुस्ती-पुस्तिका कंपनीच उपलब्ध करून देई.

फुलपाखरू हा शब्द कळफलकाच्या इतिहासात पहिल्यांदा गाजला, तो याच घराण्यात. मार्च १९९५ मध्ये आलेल्या थिंकपॅड ७०१ सी या यंत्राची पेटी जेमतेम ९.७ इंच रुंद होती, पण झाकण उघडताच कळफलकाचे दोन तुकडे तिरपे सरकून ११.५ इंचांचा सलग कळफलक होई. आयबीएमचे जॉन कॅरिडिस यांची ही रचना आज न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात आहे. कळफलकासाठी यंत्राने पंख पसरावेत, असा तो विचार होता. वीस वर्षांनी आलेल्या दुसऱ्या फुलपाखराचा विचार नेमका उलट होता.

तिकडे वळण्यापूर्वी, लॅपटॉपच्या कळा 'मेल्या' म्हणून जे खटले उभे राहतात, त्यांतील पुष्कळसे खोटे असतात, हे नोंदवायला हवे. विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या ट्रेस केंद्राने हाताच्या कंपामुळे वा दुर्बलतेमुळे टंकलेखन कठीण जाणाऱ्यांसाठी काही सोयी विकसित केल्या; त्या विंडोज ९५ मध्ये समाविष्ट झाल्या. त्यांपैकी एक म्हणजे फिल्टर कीज. उजवी शिफ्ट कळ आठ सेकंद दाबून धरली की ही सोय सुरू होते आणि मग ओझरते दाब यंत्र दुर्लक्षिते. कळ जरा रेंगाळून दाबली तरच अक्षर उमटते. विचारात हरवलेल्या माणसाचे बोट शिफ्टवर विसावते, समोर आलेल्या खिडकीला तो न वाचताच 'हो' म्हणतो आणि पुढच्या क्षणी कळफलक मेला म्हणून हाकाटी होते. जुन्या लॅपटॉपांवर नम लॉक चुकून लागला की 'जे', 'के', 'एल' या कळांतून १, २, ३ उमटत. तेही याच जातीचे. टायपिंग क्लासमधली ती 'मृत कळ' येथे नव्या वेषात भेटते.

खऱ्या बिघाडाची लक्षणे निराळी. चहा सांडलेल्या लॅपटॉपमध्ये पुष्कळदा एकमेकींपासून दूर असलेल्या चार-सहा कळा एकदम बंद पडतात. वरवर पाहता त्यांत काही संगती नसते. पण तारांची जाळी आठवली की संगती लागते: त्या सगळ्या एकाच आडव्या किंवा उभ्या तारेवरच्या असतात आणि ती एक तार ओलाव्याने कुजलेली असते. अशा वेळी कळा पुसत बसण्यात अर्थ नसतो. सर्वच कळा एकाएकी गप्प झाल्या तर संशय आतल्या पट्टीवायरवर किंवा प्रणालीवर जातो. मग विंडोज सुरू होण्याआधीच्या मूळ सेटिंगच्या पडद्यावर जाऊन कळा दाबून पाहायच्या. तेथे त्या चालल्या तर यंत्र निर्दोष, दोष सॉफ्टवेअरचा. तेथेही गप्प राहिल्या आणि यूएसबीने जोडलेला बाहेरचा कळफलक मात्र चालला, तर दोष कळफलकाचाच. आणि एकच कळ रुसली असेल, तर बहुधा तिच्याखाली काहीतरी आहे.

एका कळेखालच्या या कणानेच पुढे न्यायालय गाठले.

१९९० च्या दशकापासून बहुतेक लॅपटॉपांत कळेखाली रबराची छोटी वाटी आणि तिला आधार देणारी, कात्रीसारखी फुली असे. ॲपलने ९ मार्च २०१५ रोजी १२ इंची मॅकबुक दाखवला, तेव्हा ही कात्री काढून तिच्या जागी मधोमध बिजागरी असलेली, पंखांसारखी उघडमिट करणारी यंत्रणा आणली. कंपनीच्या सांगण्यानुसार ती ४० टक्के बारीक होती. कळेची खालीवर हालचाल जेमतेम अर्ध्या मिलिमीटरवर आली. जुन्या कळेखाली चुरा पडला तरी हालचालीला वाव असे. येथे वावच नव्हता. २०१६ च्या अखेरीस हीच यंत्रणा, सुधारित रूपात, व्यावसायिकांच्या मॅकबुक प्रोमध्येही शिरली आणि दिवसाचे दहा तास लिहिणाऱ्या लोकांच्या बोटांखाली आली.

ऑक्टोबर २०१७ मध्ये केसी जॉन्स्टन या पत्रकार महिलेने आपल्या अडकणाऱ्या स्पेसबारची आणि दुकानात घातलेल्या खेपांची कहाणी प्रसिद्ध केली. तोवर प्रत्येक ग्राहक आपापल्या घरी, आपणच काहीतरी सांडले असावे, अशा अपराधी समजुतीत होता. त्या लेखाने एकेकट्या तक्रारींची मोट बांधली. कंपनीचा अधिकृत उपाय असा होता: लॅपटॉप ७५ अंशांत तिरपा धरावा, डबाबंद हवेचा फवारा डावीकडून उजवीकडे मारावा, यंत्र उजव्या कुशीवर वळवून पुन्हा फवारावे, मग डाव्या कुशीवर वळवून पुन्हा. आजारी बाळाला कूस बदलून शेक द्यावा तशी ही कृती. सूचना प्रामाणिक होती. पण धूळ हा अपवाद नव्हे, नित्याची गोष्ट आहे, हे तिने नकळत मान्य केले.

फवाऱ्याने भागले नाही तर खरी अडचण उभी राही. या यंत्रांत कळफलक वरच्या धातूच्या आवरणाला रिवेटांनी ठोकलेला होता आणि त्याच आवरणाला बॅटरी चिकटवलेली होती. म्हणजे एका स्पेसबारसाठी आवरण, कळफलक आणि बॅटरी असा अख्खा संच बदलायचा. हमीची मुदत संपलेल्या ग्राहकाला अमेरिकेत हा खर्च सुमारे ७०० डॉलर सांगितला जाई. गोदरेजच्या यंत्रावर जे काम टाचणीने होई, त्याची ही किंमत.

मे २०१८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या संघीय न्यायालयात ग्राहकांनी सामूहिक दावा गुदरला. २२ जून २०१८ रोजी ॲपलने सेवा योजना जाहीर केली: यंत्र पहिल्यांदा विकले गेल्यापासून चार वर्षे कळफलकाची दुरुस्ती मोफत. ज्यांनी आधी पैसे भरले होते, त्यांना परताव्याची सोय. त्रास अल्प टक्के यंत्रांपुरता असल्याचे कंपनीचे म्हणणे कायम होते.

पुढच्याच महिन्यात नवे मॅकबुक प्रो आले आणि कळांखाली सिलिकॉनचा एक पातळ पडदा आढळला. कंपनीने जाहीरपणे सांगितले की कळफलक आता अधिक शांत झाला आहे. मात्र चुरा आत जाऊ नये यासाठीच्या उपायांचा कंपनीचा पेटंट अर्ज त्याच वर्षी मार्चमध्ये प्रकाशित झाला होता आणि दुरुस्ती केंद्रांसाठीच्या कागदपत्रांत पडद्याचे काम चुरा रोखणे हेच लिहिलेले होते. न्यायालयात खटला चालू असताना कंपनीने धुळीचा उच्चार का टाळला, हे समजणे अवघड नाही. समजण्याजोगे असले तरी ते सरळ नव्हते.

याच तिसऱ्या पिढीचा कळफलक स्टर्न यांच्या यंत्रात होता. स्तंभ प्रसिद्ध होताना कंपनीने मोजक्या ग्राहकांना त्रास होत असल्याचे मान्य करून दिलगिरी व्यक्त केली. मे २०१९ मध्ये यंत्रणेचे साहित्य बदलून चौथी आवृत्ती आली आणि तीही आल्या दिवसापासूनच सेवा योजनेत समाविष्ट होती. नव्या मालाची विक्री आणि त्याच्या दोषाची हमी एकाच दिवशी जाहीर व्हावी, असे प्रसंग उद्योगाच्या इतिहासात फार नसतील. अखेर १३ नोव्हेंबर २०१९ रोजी १६ इंची मॅकबुक प्रो आला आणि त्यात कात्री परतली. कळेची हालचाल १ मिलिमीटर. मे २०२० मध्ये १३ इंची प्रोही बदलला आणि फुलपाखरू कारखान्यातून गेले.

दाव्याला मार्च २०२१ मध्ये न्यायाधीश एडवर्ड डाविला यांनी सामूहिक स्वरूपाची मान्यता दिली. जुलै २०२२ मध्ये ५ कोटी डॉलरची तडजोड ठरली, मे २०२३ मध्ये तिला अंतिम मंजुरी मिळाली. ॲपलने दोष मान्य केला नाही. ज्यांचा वरचा संच दोन किंवा अधिक वेळा बदलावा लागला, त्यांना कमाल ३९५ डॉलर. ज्यांच्या नुसत्या कळा बदलल्या, त्यांना ५० डॉलरपर्यंत. पात्र मात्र कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, फ्लोरिडा, इलिनॉय, न्यू जर्सी, वॉशिंग्टन आणि मिशिगन या सात राज्यांतलेच खरेदीदार. टेक्सासमध्ये घेतलेल्या यंत्राला त्यातून काही मिळाले नाही, तसे पुण्यात घेतलेल्यालाही नाही.

भारतातील ग्राहकाकडे होती ती मोफत दुरुस्तीची जागतिक योजना, आणि तिचा काटा खरेदीच्या दिवसापासून फिरत होता. ॲपलचे भारतातील पहिले स्वतःचे दुकान मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात १८ एप्रिल २०२३ रोजी उघडले, तोवर एप्रिल २०१९ पूर्वी विकल्या गेलेल्या प्रत्येक यंत्राची चार वर्षे उलटून गेली होती. उरलेल्यांपैकी बहुतेकांची मुदत २०२४ पर्यंत संपली. त्यानंतर अशा लॅपटॉपची कळ रुसली तर तो स्वतंत्र कारागिरांच्या टेबलावर जातो. ते बॅटरी सोडवतात, कळफलक धरून ठेवणारे डझनावारी रिवेट एकेक करून उपटतात, नवा कळफलक बसवतात आणि रिवेटांच्या रिकाम्या भोकांत तांदळाच्या कणीएवढे स्क्रू आवळतात, म्हणजे पुढच्या खेपेला तो उघडता येतो.